एकतीस डबे

भंवरकुव्याच्या गल्लीत रोज माझे एकतीस डबे जातात.
लोकेंद्र, खरगोनचा, पेपरच्या आदल्या रात्री
ओट्यापाशी बसून सी घोकतो:
फंक्शनला काही द्यावं लागतं किंवा नाही,
ते काही परत देतं किंवा नाही.
चारच प्रकार, काकू.

पोळी उलटत म्हटलं, एवढंच ना?
सोळा नंबरची शिखा डबा घासून पाठवते,
आत दोन पेरू. झाला एक.
दुबेंचा पोरगा खातो आणि गप्प.
त्याला व्हॉइड म्हणतात, लोकेंद्र हसला.

पण काही न घेता देणारं कुठलं?
ते आतल्या आत मिळवतं, काकू, तुमच्याकडे मागत नाही.
मला चौकीदाराची रामकली आठवली.
डबा कधी घेतला नाही,
कोथिंबीर मात्र दर मंगळवारी.

आणि न घेणारं, न देणारं?
तेही काम करतं. पडद्यावर एक ओळ उमटवतं, संपलं.
म्हणजे आमचे हे,
सकाळी आजचं तापमान मोठ्यानं वाचणारे.

वहीच्या पहिल्या पानावर अजून
तन्मय बिल्लोरे, खोली नऊ.
मार्चमध्ये निकाल लागला, त्या रात्रीच गेला.
डबाही गेला, तीन खणी, झाकणाला पोचा.
लोकेंद्रला विचारलं,
वर नाव लिहिलंय आणि खाली काहीच नाही, असं चालतं?

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली.
चालतं, काकू. चूक दाखवत नाही,
जोवर त्याला कुणी
हाक मारत नाही.

मी गॅस बारीक केला.