सातच्या आत

भरूचला उतरलो तेव्हाच ढमढेरेबाईंचा फोन आला.
विमान रात्रीचं, पण आम्ही सकाळीच निघालो,
किल्ली समोरच्या मेडिकलवाल्याकडे आहे,
तुम्ही सावकाश या,
फक्त मामंजींना सातच्या आत खायला घाला.

मामंजी म्हणजे मांजर.
भुवया थेट सासऱ्यांच्या, असं बाई म्हणतात.

म्हणजे सातपर्यंतचा दिवस आमचा.
हे म्हणाले, समुद्र बघू.
बडोद्याच्या वाटेत समुद्र लागत नाही,
तो वाटेत आणावा लागतो:
आमोद, जंबुसर, मग डावीकडे,
दोन्ही अंगांना कपाशी,
पुढे कपाशीही नाही, नुसतं बाभळीचं झुडूप
आणि हवेला येणारा ओला, लोखंडी वास.
सुलेमानभाईंनी गिअरशेजारी खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी ठेवली होती.
बोलणं कमी, दाणे जास्त.

कंबोईला पोहोचलो तर समुद्र नव्हता.

देऊळ होतं, नारळवाला होता,
गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली शाळेची सहल होती,
क्षितिजापर्यंत राखाडी चिखल, वर उन्हाची साय.
समुद्र तेवढा नव्हता.
चहावाला म्हणाला, गेलाय, येईल.
शेजारचं माणूस भाजी आणायला गेल्यासारखं.
मागच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं: तीन पन्नास.

चिखलात बोटाएवढे मासे चालत होते.
हे गुहागरचे, एकदम उकिडवे बसले,
निवटे! म्हणाले, अगं, निवटे!
सुलेमानभाई म्हणाले, लेवटा.
दोघं थोडा वेळ तिथेच बसून राहिले,
एकाच माशाची दोन नावं घेऊन,
कुणीच आपलं नाव मागे घेतलं नाही.

मी पुढे गेले आणि डावी चप्पल रुतली.
काढायला वाकले तेव्हा खांद्यावरची पिशवी वाजली.
पाच किल्ल्या आहेत तिच्यात सध्या.
नाशिकच्या कर्व्यांची, दापोलीच्या बंगल्याची,
एक कुणाची ते आठवतच नाही.
आमची एकही नाही.
हे कुणाला सांगितलं की लोक आधी गप्प होतात,
मग म्हणतात, बरंय की, झाडलोट नको, टॅक्स नको.
झाडलोट असते. दुसऱ्याची जरा जास्तच असते.

मग पाणी आलं.
लाट म्हणावी असं काही नाही.
दूध तापताना नुसतं वर सरकतं ना, तसं.
निवटे कुठे गेले कळलं नाही.
सहलीतली पोरं ओरडत पायऱ्या चढली,
पुजारी घंटा सोडून वर आला,
पिंड बुडाली, तरी कुणाला वाईट वाटलं नाही.
आल्यावर त्याने काही तपासलं नाही.
कोण येऊन गेलं, किती पावलं उमटली,
सगळ्यावरून एकदाच हात फिरवला.

मी आमच्या पावलांकडे बघत होते.
ह्यांनी घड्याळ दाखवलं.

पादऱ्यापासून भाजीचे टेम्पो पुढे,
त्यांच्यामागे आम्ही, वांग्यांच्या वेगाने.
मांजलपूरच्या मेडिकलवाल्याने किल्लीबरोबर
चार फुलस्केप कागद दिले:
पाणी पावणेसातला येते, मोटर ने लक्षात ठेवून बंद करजो.
झोपाळ्याची उजवी कडी कुरकुरते, तेल घालू नये,
आवाज आला नाही तर झोप येत नाही
(मला, तुम्हाला नव्हे).
लिला चिवडा डब्यात, संपवणे.
मामंजी कुणाकडे येत नाहीत, मनाला लावून घेऊ नये.

सहा पन्नास.
वाटी भरली, ठेवली, हाक मारली.
कपाटाखाली दोन भुवया.
हे मोटर शोधत मागे गेले,
मी झोपाळ्यावर बसले, कडी कुरकुरली,
चपला दारातच, चिखल वाळून पांढरा पडलेला.

बऱ्याच वेळाने मामंजी बाहेर आले.
वाटी ओलांडली,
मलाही ओलांडलं,
आणि डाव्या चपलेजवळ जाऊन
सावकाश, डोळे मिटून,
खंबातचं आखात चाटू लागले.