सदर इसम

कामगार कोर्टात माझं काम टायपिंगचं.
साक्षीदार बोलतो, मी कोर्टाच्या भाषेत घेते.
"आमचं मालक भट्टीवर हुतं," बाई म्हणते.
साहेब विचारतात, मालक म्हणजे कंपनीचे?
"न्हाई. माझं."
मी टाइप करते : सदर इसम सदर कारखान्यात
कामास होता, असे माझे म्हणणे आहे.

आक्काताई महिपती घस्ते, वय अंदाजे चाळीस,
राहणार हालोंडी.
चपला दाराबाहेर काढून आलीय.
काढ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनीचे वकील हजेरीबुक उलटतात.
शिरोलीच्या त्या फाउंड्रीत, त्या रात्रपाळीला
महिपती नावाचा कुणी नव्हता.
पुरावा काय आहे तुमच्याकडे?

ती पिशवी उघडते.
शर्ट. ठिणग्यांनी चाळण झालेला,
डाव्या बाहीला जास्त.
जेवणाचा डबा, झाकणाची कडी तुटकी.
मग टेबलावर धप्पकन एक लोखंडाचा तुकडा,
दीड-दोन किलोचा. रिजेक्ट माल.
"ह्येच्यानं मी मिरच्या कुटती."

साहेब चष्मा कपाळावर चढवून तुकडा फिरवतात.
कडेला उठावाचे आकडे.
हीट नंबर, वकील सांगतात, जरा नाइलाजानंच.
माल जर्मनीत तुटो नाहीतर ब्राझीलमध्ये,
आकड्यावरून कळतं
कुठल्या तारखेला, कुठल्या भट्टीतून
कुठला रस ओतला होता.

"म्हंजी ह्येची नोंद हाय," आक्काताई म्हणाली.
हे कसं घ्यावं मला सुचेना.
साहेब म्हणाले, सोडा ते. पुढे.

दुसरा साक्षीदार सनातन बेहेरा, जिल्हा गंजाम.
मान खाली. मैं साथ में था. पानी मैंने डाला.
वकिलांनी परत हजेरीबुक काढलं,
बोट फिरवलं वरून खाली.
सनातन बेहेराही नव्हता.

म्हणजे त्या रात्री
कामावर नसलेल्या माणसानं
कामावर नसलेल्या माणसाला
टेम्पोत घातलं, मांडीवर डोकं घेतलं,
पंचगंगेचा पूल ओलांडून सीपीआरला आणलं.
रस्त्यात तो काही बोलला का?

बेहेरानं वर पाहिलं.
"डबा आत ऱ्हायला."

एवढंच मराठीत. आणि हेल हालोंडीचा,
शेवट जरा ओढलेला,
मागच्या बाकावर आक्काताई उभीच राहिली,
कुणीतरी हाक मारल्यासारखी.

तो डबा यानंच चार दिवसांनी
तिच्या दारात नेऊन दिला होता. घासून.
हे कुणी विचारलं नाही,
त्यामुळे जबानीत नाही.

साहेबांनी स्क्रीनवर नजर टाकली.
"ऱ्हायला नको. राहिला करा."
करते, म्हटलं.
पुढची तारीख सतरा. वाचून दाखविले, बरोबर आहे,
खाली आक्काताईचा अंगठा, बेहेराची सही
उडियात.

ती दुरुस्ती
मी अजून केलेली नाही.