शंभरात पंधरा

तार्तू शहरात, नदीकाठी,
बटणांच्या जुन्या कारखान्यात मी खोल्या भाड्यानं देतो.
फरशीच्या फटीत अजून बटणं सापडतात,
आणि दारांवर वर्षा-दोन वर्षांनी नवी पाटी.

जग बदलायला आलेले लोक आधी विचारतात
वायफाय किती वेगाचं, कॉफीचं मशीन कुठंय.
मारिका पिह्लाकनं विचारलं वेगळंच :
"या खोलीत आलेल्यांपैकी
दुसऱ्या वर्षी भाडं भरणारे किती?"

सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी भाड्याची वही काढली, बोट ठेवत गेलो.
आलेले एकेचाळीस. टिकलेले सहा.
तिनं लिहून घेतलं, शंभरात पंधरा,
आणि खाली सही केली.
"पोरी, आकडा कळूनही?"
"कळला म्हणूनच. आता आईचं घर गहाण टाकणार नाही."

डबा बनवत होती ती, पावाएवढा,
पैपुस तलावाच्या बर्फाला कान लावणारा :
खाली किती जाड, माणूस पेलेल का.

शेजारच्या खोलीत ओट.
त्यानं आईचं उन्हाळ्यातलं घर विकलं होतं, सफरचंदांच्या झाडांसकट.
शंका त्यालाही यायच्या, पण रात्री, जिन्यात,
आणि सकाळी दाढीबरोबर उतरायच्या.

मारिकाच्या शंकांना वही होती.
बॅटरी उणे वीसमध्ये टिकेल : साठ टक्के.
तार्वो नोकरी सोडून माझ्याबरोबर येईल : ऐंशी.
तार्वो वर्षभरात निघून जाईल : सत्तर.
तो गेला त्या संध्याकाळी
तिनं त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.
खरं ठरण्यात इतकं कमी सुख असतं
हे मला ठाऊक नव्हतं.

मग तो हिवाळा आला, जो आलाच नाही.
जानेवारीत नदी वाहती. तलावावर बर्फाचा नुसता पापुद्रा,
त्याला कान लावून काय ऐकणार?
वहीच्या पहिल्याच पानावर, तीन वर्षांपूर्वीच्या अक्षरात :
एक मार्चला दोनशे ग्राहक नसतील तर बंद.
एकशे त्र्याऐंशी होते.

ती किल्ली घेऊन खाली आली.
मी हिशेब जाणणारा माणूस, तरी तोंडून गेलंच,
"सतराच तर कमी आहेत."
ती बराच वेळ किल्लीचे दात बघत राहिली.
"ज्या बाईनं ते लिहिलं, ती घाबरलेली नव्हती.
मी घाबरलेय.
तर ऐकायचं कुणाचं?"

ओट आता काचेच्या इमारतीत, हाताखाली चाळीस माणसं.
मुलाखतीत सांगतो, मला पहिल्यापासून खात्री होती.
असेल.
जिना माझा आहे,
तिथं रडणाऱ्याचा आवाज मला ओळखू येतो, एवढंच.

शहाणपणानं काय मिळतं, मला विचारू नका.
माझ्याकडे एक कोरी भिंत आहे, तिच्यावर स्क्रूची चार भोकं,
आणि तीन वर्षांचं भाडं, एकदाही उशीर नाही.
परवा नवा मुलगा आला. त्यानं काही विचारलं नाही.
मीच सांगितलं : बेचाळीस आले, टिकले सात.
"नाही, आठ," मग मला आठवलं,
तीही दुसरं वर्ष ओलांडून गेली होती.
तो हसला. सही केली.

यंदा तलाव गोठलाय.
कांद्याच्या गावचा म्हातारा येवसेय, अकराव्या डब्याचा मालक,
बर्फावर गुडघे टेकून आकडा वाचतो : बावीस सेंटिमीटर.
मग उठतो, गिरमिट घेतो,
शेजारीच भोक पाडून पट्टी बुडवतो.
विश्वास नाही का, मी विचारलं.
म्हणाला, विकताना तिनंच बजावलं होतं,
रोज असंच करत जा.