त्रेचाळीस

नवापूरहून निघालो तेव्हा पहाटेचे तीन.
बसच्या दाराशी टॉर्च धरून मी डोकी मोजली:
त्रेचाळीस पोरं, दोन सर, एक मी,
आणि उलट्यांवर उतारा म्हणून चिंचेच्या गोळ्यांची पुडी.
हरूनभाईंनी बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली.
व्यारा येईपर्यंत अर्धी पोरं
खिडकीबाहेर रिकामी झाली होती,
पुडीही संपली होती.

बडोद्याला सयाजीबागेच्या फाटकाशी मोजली. त्रेचाळीस.
फुलांच्या घड्याळापाशी. त्रेचाळीस.
छोट्या आगगाडीत बसवून मोजली, तर
बेचाळीस.
पोटात खड्डा.
अमरसिंग मावची इंजिनाशी उभा होता,
ड्रायव्हरला विचारत होता,
हिला खरंच कुठे जायचं नसतं का?
ड्रायव्हर आधी हसला,
मग रुळांकडे बघत राहिला जरा वेळ.

राजवाडा बाहेरून पाहिला.
तिकीट ऐकून माळवदे सर म्हणाले,
शिखरं तर इथूनही दिसतात की.
दिसत होती.
पोरांनी शिखरं मोजली, मी पोरं.

म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा.
सगळा दंगा दारातच थांबला.
कोणी सांगितलं नव्हतं तरी सायमलने चपला काढल्या,
मग सगळ्यांनी काढल्या.
चप्पल पहेरी लो, पहारेकरी म्हणत होता,
पण त्याचं गुजराती अचानक कोणालाच कळेना.
सायमल अनवाणी चालत गेला
जबड्यापासून शेपटीपर्यंत,
एकेका बरगडीखाली थांबत,
नवं घर बांधायच्या आधी
वासे बघत फिरावं तसा.

काचेच्या पेटीत ममी.
फुलवंतीने विचारलं, बाई, हिचं नाव काय?
पाटीवर देश होता, काळ होता.
नाव मला सापडलं नाही.
मग हिला हाक कशी मारतात?
मी म्हटलं, चला, ओळ सोडू नका.

चारचा खेळ तारामंडळात.
खुर्च्या आपोआप मागे कलल्या,
पोरं किंचाळली, पुन्हा कलून बघितली.
गार वारा कुठून येतो ते शोधलं.
मग दिवे गेले.
कोणीतरी खोल आवाजात
विश्वाचं वय सांगू लागलं.
मी सवयीने मोजायला लागले,
सात, आठ, नऊ, पुढचं डोकं दिसेना,
पुन्हा सात, आठ...

शनीची कडी फार सुंदर होती म्हणतात.
मी पाहिली नाहीत.

जाग आली तेव्हा खोल आवाज बंद होता.
माळवदे सर घोरत होते,
रांगच्या रांग तोंडं उघडी टाकून पडली होती,
कोणाचा पाय कोणाच्या पोटावर.
दारात मशीनवाला, हातात चहाचा कप.
मी उठायला लागले तर त्याने हातानेच थांबवलं.
सोने दो बहनजी, पाचच्या खेळाला तसंही कोणी नाही.
तारे त्याने चालू ठेवले होते.
त्या उजेडात मोजली.
त्रेचाळीस.
आणखी एकदा मोजली, उगाचच.

सोमवारी निबंध. आमची सहल.
फळ्यावर मी मुद्दे लिहून दिले होते:
भव्य राजवाडा, ज्ञानात भर, अविस्मरणीय दिवस.
बेचाळीस वह्यांत तेच, त्याच क्रमाने,
ज्यांनी राजवाडा आतून पाहिला नाही
त्यांनी आतली झुंबरंसुद्धा लिहिली.

एतवारी वसावेच्या वहीत चार ओळी:
"बडोद्याला मी झोपले. ते घर थड होते.
आम्हाला कोणी उठवले नाही.
मोठ्या माशालाही तिथे
कोणी उठवत नव्हते."

लाल पेन घेऊन बसले बराच वेळ.
खाली दहापैकी लिहायचं होतं.
थंडवर एक टिंब दिलं
आणि वही मिटली.