तिसरा हात

पोलोक्वानेच्या पूर्वेला, प्रयोगशाळेतल्या कुलपाच्या कपाटात
एक बाटली आहे, अंगठ्याएवढी.
आत पाच ग्रॅम पांढरी पूड.
मोसिबुदी माआकेचा अर्धा पगार तीत सहज बुडेल.

नाव अ‍ॅलोज.
दिसायला साखर, वास नाही.
पाण्यात पडली की गेलीच,
मिथेनॉलमध्ये मात्र फुरंगटून तळाशी बसते.
गोडी? पुस्तकं म्हणतात,
सोळा आण्यांत तेरा आणे.

ओलोफ्सबाई फळ्यावर सहा कोपऱ्यांचं कडं काढतात,
आरामखुर्चीसारखं वाकवलेलं.
"हे ग्लुकोज. सगळे हात आडवे, शिस्तीत.
आणि ही. तीच खुर्ची, तेवढेच अणू,
फक्त तिसऱ्यावरचा हात उभा."
एवढंच?
एवढंच.
एवढ्यावरून शरीर ओळख दाखवत नाही.
आतड्यातून रक्तात, रक्तातून मूत्रात,
पाहुणी आली तशी निघून जाते,
माठातलं पाणीसुद्धा न घेता.

भाताच्या रोपांना दिली, तर मुळं खुजी राहिली.
रोगट पेशींना दिली. त्यांनी आत घेतली,
आणि वाढायचं जरा विसरल्या,
निदान ताटलीत.
ताटलीबाहेरचं ओलोफ्सबाई बोलत नाहीत.
विचारलं की चष्मा पुसतात.

बुधवारी वीज गेली, नेहमीसारखी, सांगून.
जनरेटर खोकला, थांबला, परत खोकला.
उबवणीच्या पेटीवर दोन्ही हात ठेवून
मोसिबुदी बसली होती पाऊण तास,
जणू तिच्या तळव्यांनी
सदतीस अंश टिकणार होते.

शनिवारी ती घरी, वोल्कबर्गच्या पायथ्याशी.
बाप, न्ग्वाको, जंगलखात्यात तीस वर्षं.
डाव्या पायाची दोन बोटं गेली आहेत.
यंत्रावर साखर सोळा.
तिथल्या मापात आठच्या पुढे गेली
तरी दवाखान्यातली नर्स रागावते.

"बाबा, वर कड्यावर ते झुडूप आहे ना,
कळीवर तांबूस लव असलेलं?"
"साखरझुडूप. फुलात मध असतो म्हणून."
"मधाचं नाही, पानाचं सांगते.
त्याच्या पानात ही साखर आहे. दुसऱ्या रेणूला बांधलेली,
म्हणून जिभेला लागत नसेल."

तो बराच वेळ डोंगराकडे बघतो.
"वणवा विझवताना ती पानं ओरबाडली मी.
जखमेवर बांधली, दुसरं काही नव्हतं म्हणून.
वानरं फूल खातात. पान कुणी खाल्लेलं बघितलं नाही."
मग, हळूच, दाराकडे एक नजर टाकून:
"चिमूटभर आणशील? कागदात?"

बाटलीवर लिहिलंय, फक्त प्रयोगासाठी, माणसांसाठी नाही.
हे ती त्याला सांगते.
"मी कुठे माणूस राहिलोय," तो हसतो,
"आठवड्याला तीनदा बोट टोचून घेणारा मी पण प्रयोगच."
मोसिबुदीला हसू येत नाही.
ती चहा ओतते. कोरा.
तो कपात रिकामा चमचा फिरवतो,
तीन वेढे उजवीकडून, मग एक उलट,
आणि चमचा काठावर आपटून
शेवटचा थेंब झटकतो,
गोड चहाचा झटकावा तसा.

सोमवारी वजनकाट्यावर पाव ग्रॅम.
वारा नको म्हणून काचेची दारं लावलेली.
एक कण हातमोज्याच्या टोकाला चिकटला,
मिठाच्या कणाहून लहान.
खोलीत कुणी नव्हतं.
ओलोफ्सबाई बैठकीला गेल्या होत्या,
आणि ओठ तर हाताच्याच अंतरावर.

किती वेळ गेला, नोंदवहीत त्याला रकाना नाही.

मोजा मनगटाकडून सोलायचा,
आतली बाजू बाहेर येईल असा,
कण आत राहील असा:
पहिल्याच दिवशी शिकवतात.
पिवळ्या डब्याचं झाकण तिनं पायाने उघडलं.
शिल्लक चार पूर्णांक एक, असं लिहिलं,
आणि खाली सही केली,
नेहमीपेक्षा थोडी मोठी.