नंतर

क्लाक्सविकच्या मेंढीपालक संघाच्या कचेरीत
रोज सव्वाआठला पडदा रान्वाला विचारतो:
नवी आवृत्ती आली आहे. आत्ता, की नंतर?
नंतर, म्हणते ती,
आणि थर्मासचं झाकण फिरवते.

भाचा तोर्कील म्हणतो, मावशी, नवं कसं चपळ आहे,
लिहिलेलं आपोआप ढगात जातं.
ढगात?
रान्वा खिडकीकडे बघते.
इथले ढग खाली उतरून मेंढ्या गिळतात.

जुन्याला तिने चौदा वर्षं शिकवलंय:
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा, धुक्याची नावं,
होड्यांची, बुडाल्या त्यांचीसुद्धा.
आधी शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची,
जणू हे अख्खं बेटच चुकलेलं.
आता येत नाही.
नव्याला पुन्हा ग म भ न पासून.

म्हणून दुपारी ती शब्द उतरवून घेते
मासळी कारखान्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर.
‘एच’पाशी पेन्सिल अडते.
हा तर तिनेच चुकीचा शिकवलेला, एक अक्षर जास्तीचं,
कितीतरी पत्रांतून तसाच गेलेला.
बिचाऱ्याने कधी हूं की चूं केलं नाही.

ती तो तसाच उतरवते,
जास्तीच्या अक्षरासकट.
‘आय’मध्ये फक्त नऊ शब्द आहेत.