दस्ता

बाबांची पॉइंट टू-टू. परवान्यावर आता माझं नाव,
फोटोत डोळे अर्धवट मिटलेले.

सक्करदऱ्याचा निनावे मिस्त्री दस्ता मांडीवर घेतो,
"किती कापू?"
दोन बोटं. बाबांचे हात लांब होते.
सागाचा भुसा कूलरच्या वाऱ्यानं अंगणभर.
मे महिना, पंचेचाळीस.

"अन् हे काऊन असं गुळगुळीत झालं?"
तिथं त्यांचा गाल टेकायचा, रविवारी सकाळी,
पॉलिश जाऊन लाकूड घामानं काळवंडेस्तोवर.
"घासू का?"

मी डावखुरी. माझा गाल पलीकडच्या बाजूला,
तिथं सागवान अजून कोरं.
राहू दे, म्हणते.

रेंजवर पहिली गोळी.
पितळेचं गरम टरफल उजवीकडे उडतं,
माझ्या नाकासमोरून,
अन् दुसरी आपोआप चढलेली असते
मी डोळे उघडायच्या आत.
सगळे नेम दोन घरं खाली.

मग निवडणूक लागली.
ठाण्यात जमा करताना हवालदारानं
दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली,
नेमकी त्या डागावर.
"तुम्ही स्वतः चालवता?"

शिकून राहिली, म्हटलं.